‘बसायचं का?’ला हो म्हणण्याआधी: मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी रस्त्यावरची मराठी

लातूर, सांगली, यवतमाळ, कुठूनही नोकरीला किंवा कॉलेजला मुंबईत आलात की सुरुवातीला एक गंमत होते. भाषा आपलीच, शब्दही ओळखीचे, तरी वाक्य डोक्यावरून जातं. "पब्लिक लय होतं म्हणून कल्टी मारली. कटिंग घेताना त्याने पुडी सोडली की पाटलाचा पत्ता कट." म्हणजे गर्दी फार होती म्हणून आम्ही तिथून सटकलो, आणि चहा पिताना त्याने अफवा सोडली की पाटलाला कामावरून काढलं. पुडी, पत्ता, कटिंग यातला कुठलाच शब्द तुम्ही ऐकला नव्हता असं नाही. फक्त गावाकडे त्यांचे अर्थ वेगळे होते.

या बोलीचे शब्द सगळे एकदम तोंडात घ्यायला गेलात तर नाटकातल्या टपोऱ्यासारखं ऐकू येतं आणि लोक हसतात. म्हणून एक क्रम सांगतो. तो पाळला तर गिरणगावातल्या गल्लीतही निभेल आणि बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसातही.

पायरी १: आधी हाक मारायला शिका

बोलीतला पहिला धडा म्हणजे समोरच्याला काय म्हणायचं. बसचा कंडक्टर ‘मास्तर’. रिक्षावाला ‘भाऊ’ किंवा ‘दादा’, वय कितीही असो. उडुपी हॉटेलच्या गल्ल्यावर बसलेले ‘अण्णा’, किराणा दुकानाचा मालक ‘शेठ’. भाजीवाली ‘मावशी’, पण तिशीतल्या बाईला मावशी म्हणालात तर कोथिंबिरीची काडीही वर मिळणार नाही. ‘ताई’ म्हणा.

‘भिडू’ आणि ‘मामू’ पडद्यावर जितके ऐकू येतात तितके रस्त्यावर येत नाहीत. अनोळखी माणसाला ‘भिडू’ म्हटलं की तुम्ही नवे आहात हे लगेच कळतं. ‘बॉस’ मात्र सगळीकडे चालतं: "बॉस, जरा सरकता का?"

‘मामा’ हा शब्द जपून वापरा. पुण्यात किंवा कोल्हापुरात वयस्कर वेटरला, ड्रायव्हरला मामा म्हणणं आदराचं आहे. मुंबईत सिग्नलवरचा ट्रॅफिक पोलीस ‘मामा’, तोही त्याच्या पाठीमागे. "पुढे मामा उभा आहे, हेल्मेट घाल." त्याच्यासमोर तो ‘साहेब’ असतो, हवालदार असला तरी. पोलिसाला तुच्छतेने ‘पांडू’ म्हणण्याचा मोह झाला तर तो घरी पूर्ण करा. आणि ‘मला मामा बनवला’ असं कुणी म्हणालं तर त्याला कुणीतरी फसवलेलं असतं, त्यात नातं शोधू नका.

याच पायरीवर एक सर्वनाम समजून घ्या. शाळेत ‘आपण’ म्हणजे तुम्ही आणि मी. नाक्यावर ‘आपण’ म्हणजे बहुतेक वेळा एकटा मी. "आपण नाय येणार" याचा अर्थ तो येणार नाही, तुम्ही खुशाल जा. "आपल्याला नाय माहीत" म्हणजे त्याला माहीत नाही. त्याच्यासोबत तुम्हीही आपोआप नकार दिला असं समजून बरेच नवखे घरी बसतात.

पायरी २: चहा आणि पैसा

कटिंग म्हणजे अर्धा ग्लास चहा. टपरीवर "दोन कटिंग" एवढंच म्हणायचं, ‘चहा द्या’ वगैरे पुढे जोडायची गरज नाही. ‘सुट्टे’ म्हणजे चिल्लर, ‘सुट्टा’ म्हणजे एक सिगारेट. पानवाल्याकडे या दोन शब्दांची गल्लत झाली तर तो आधी हात पुढे करतो आणि मग चेहरा बघतो.

बिल आलं की ‘टीटीएमएम’: तुझं तू, माझं मी. ‘काँट्री काढणे’ म्हणजे वर्गणी काढणे, पण देवाच्या वर्गणीला कुणी काँट्री म्हणत नाही. ती पिकनिक, वाढदिवसाचा केक आणि दारू यांच्यासाठी असते. महिनाअखेर ‘कडकी’ असते, म्हणजे खिसा रिकामा. हे उघड सांगायला इथे कुणी लाजत नाही आणि तुम्हीही लाजू नका. पगार असूनही दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा ‘चिंधी’. हे मात्र कडकीसारखं माफ होत नाही.

मोठ्या रकमांचे शब्द फक्त समजून घ्या. ‘पेटी’ म्हणजे एक लाख, ‘खोका’ म्हणजे एक कोटी. सट्टा आणि गुन्हेगारीच्या जगातून आलेला हा हिशेब २०२२ पर्यंत बऱ्याच सभ्य घरांत माहीत नव्हता. त्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी "पन्नास खोके, एकदम ओके" अशी घोषणा दिली आणि महिनाभरात आज्यांनाही खोक्याचा भाव कळला. घराचं डिपॉझिट ठरवताना मात्र ‘दीड पेटी’ म्हणू नका. दलाल म्हणाला तरी तुम्ही ‘दीड लाख’च म्हणा, कारण करारावर तेच येणार आहे.

पायरी ३: लोकलचं शब्दभांडार

इथे शब्द थोडे लागतात, पण चुकला तर त्याच डब्यात हिशेब होतो. "कुठे?" असं उभ्या माणसाने बसलेल्याला विचारलं तर त्याला तुमचं गाव नको असतं, तुम्ही उतरणार ते स्टेशन हवं असतं. "ठाणे" एवढं उत्तर दिलंत की ठाण्याला तुमची जागा त्याची झाली. मग दुसऱ्या कुणाला ती देऊ नका. तो अलिखित करार आहे आणि तो मोडणाऱ्याशी डब्यातले लोक पुढे नीट बोलत नाहीत.

‘चौथी सीट’ म्हणजे सेकंड क्लासमधल्या तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायची कड. "जरा आत घ्या" म्हटलं की तिघांनी सरकायचं. ‘डाउन करून येणे’ किंवा ‘रिटर्न मारणे’ म्हणजे जागा मिळावी म्हणून आधी उलट्या दिशेने जायचं आणि त्याच गाडीत बसून राहायचं. डोंबिवलीच्या माणसाने कल्याणपर्यंत मागे जाणं हे त्यातलंच. पास तिथपर्यंतचा नसेल तर टीसी दंड घेतो, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे त्याने तुमच्या जन्माआधीपासून ऐकलेलं आहे. ‘पॅक’ म्हणजे तुडुंब भरलेली गाडी.

पायरी ४: भानगड किती मोठी, ते शब्दावरून ओळखा

ही पायरी सावकाश चढा, कारण ऑफिसात, सोसायटीत, बँकेच्या रांगेत रोज हेच शब्द लागतात. नवख्याला वाटतं की झोल, लोचा, वांधा, राडा हे सगळे एकच. ते तसे नाहीत.

‘वांधा’ म्हणजे अडचण किंवा हरकत. यात कुणाचा दोष असतोच असं नाही. "सुट्टीचा वांधा आहे" म्हणजे रजा मिळत नाही. "आपला काय वांधा नाय" म्हणजे माझी हरकत नाही. ‘लोचा’ म्हणजे काहीतरी बिघडलंय, गुंता झालाय, पण मुद्दाम कुणी केलाच असेल असं नाही: "सर्व्हरचा लोचा झालाय". ‘झोल’मध्ये मात्र हेतू येतो. "या बिलात झोल आहे" असं म्हणालात की तुम्ही कुणावर तरी लबाडीचा आरोप केला. चुकीच्या बेरजेला ‘लोचा’ म्हणा. मीटिंगमध्ये सहकाऱ्याच्या एक्सेल शीटला ‘झोल’ म्हणणाऱ्याला नंतर बराच वेळ समजावत बसावं लागतं.

‘राडा’ म्हणजे आवाज चढलेला, बहुधा हातही उचललेला. पालिका बांधकामाच्या मलब्याला ‘राडारोडा’ म्हणते, आणि भांडण संपल्यावर जागा साधारण तशीच दिसते. "काल सोसायटीच्या मीटिंगला राडा झाला" असं ऐकलंत तर तिथे खुर्ची तरी सरकली आहे असं समजा.

मग ‘मांडवली’ येते, म्हणजे मध्यस्थ घालून केलेली तडजोड. पूर्वी ही भाईलोकांची गोष्ट होती, आता पार्किंगच्या जागेवरूनही मांडवली होते. ‘सेटिंग’ म्हणजे आतून जुळवलेलं काम, आणि प्रेमप्रकरणही. "त्याची सेटिंग आहे" यातून नक्की काय ते संदर्भावरूनच कळतं. ‘फिल्डिंग लावणे’ म्हणजे एखादी गोष्ट मिळवण्यासाठी सगळीकडून माणसं पेरणे. बदलीसाठी, तिकिटासाठी, एखादी मुलगी कॉलेजातून कधी निघते ते कळावं म्हणूनही. या शेवटच्या प्रकाराला पाठलाग म्हणतात आणि तो गुन्हा आहे. मित्र हसत हसत सांगत असला तरी त्यात सामील होऊ नका.

‘सुपारी’ हा शब्द ऐकून दचकू नका. गुन्हेगारीतली सुपारी वेगळी. ऑर्केस्ट्रावाला, बेंजोवाला, निवेदक "शनिवारी सुपारी आहे" म्हणतो तेव्हा त्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. राजकारणात "सुपारी घेऊन बोलतोय" म्हणजे कुणाच्या तरी सांगण्यावरून बोलतोय.

आणि ‘चारशेवीस’. फसवणुकीचं हे कलम भारतीय दंड संहितेतलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. पण "तो एक नंबरचा तीनशे अठरा आहे" असं अजून कुणी म्हणताना ऐकलं नाही. म्हणेल असं वाटतही नाही.

पायरी ५: थट्टा झेलणे

नव्या माणसाला ग्रुपमध्ये घेण्याची मुंबईची पद्धत म्हणजे त्याची खेचणे. चिडलात तर रोज खेचतील, हसलात तर आठवड्यात तुम्हीही दुसऱ्याची खेचायला लागाल.

आधी थट्टेचे आकार ओळखा. ‘पोपट झाला’ म्हणजे मोठ्या आवेशात बोललात आणि तोंडावर पडलात. ‘पचका’ म्हणजे अपेक्षाभंग. सिनेमाला गेलात आणि शो रद्द झाला तर तो पचका, त्यात तुमची चूक नसते. ‘कचरा केला’ म्हणजे चारचौघांत पार इज्जत काढली. पोपट दहा मिनिटांत विसरतात, कचरा लक्षात राहतो. कुणी सांगितलं की "साहेबांनी आज त्याचा कचरा केला" तर त्या माणसाला त्या दिवशी चहाला न्या आणि विषय काढू नका.

‘फिरकी घेणे’ हलकंफुलकं असतं. "माझी शाळा घेतोस काय?" हे त्याहून जरा तिखट, म्हणजे मला खुळा समजून खेळवतोस का. ‘शाळा करणे’ हे पुन्हा वेगळं: गोड बोलून डाव साधणे. "त्याने शाळा केली आणि विंडो सीट घेतली." ‘पकवणे’ म्हणजे कंटाळा येईपर्यंत बोलणे. तुम्ही एखादी गोष्ट रंगवून सांगत असताना कुणी "पकवू नको" म्हणालं तर त्याला थांब म्हणायचं असतं, मैत्री तोडायची नसते. हसून हसून मेलो या अर्थी पोरं ‘वारलो’ म्हणतात. मोबाइलवर घरच्यांसमोर हा शब्द मोठ्याने वाचू नका, एखादी आत्या खरंच रडायला लागेल.

कॉलेजवाल्यांसाठी काही शब्द वेगळे लागतात. मुंबई विद्यापीठात विषय राहिला की ‘केटी लागली’, पुण्याकडे ‘बॅक राहिला’, आणि वर्षच गेलं तर ‘वायडी’. पेपर अवघड गेला तर ‘गंडला’. निकालाच्या दिवशी कुणी आपणहून सांगितल्याशिवाय किती केट्या हे विचारायचं नसतं.

पायरी ६: ‘बसणे’

संध्याकाळी सहकारी म्हणाला "शुक्रवारी बसायचं का?", तर ते दारूचं आमंत्रण आहे. हे इतकं रुळलेलं आहे की ‘दारू’ हा शब्द त्या सगळ्या बोलण्यात एकदाही येत नाही. "घेतोस का?" याचाही अर्थ तोच. ‘क्वार्टर’ म्हणजे १८० मिली, ‘खंबा’ म्हणजे ७५० मिलीची पूर्ण बाटली, ‘चकणा’ म्हणजे सोबतचे शेंगदाणे, चणे, चिवडा. ‘टाइट’ आणि ‘टल्ली’ या पुढच्या अवस्था. सकाळी उठून "काल लय झाली" असं कुणी म्हणालं तर त्याला गर्दी किंवा पाऊस अभिप्रेत नसतो.

पीत नसाल तर लांबलचक कारणं देऊ नका. तब्येत, उपवास, औषधं, सगळ्यांना लगेच वास येतो. "बसतो, पण घेत नाही" एवढं वाक्य पुरतं आणि ते सगळीकडे मान्य आहे. फक्त काँट्री आधीच बोलून घ्या. न पिणाऱ्याने सगळा चकणा संपवायचा आणि खंब्याचे पैसेही द्यायचे नाहीत, यावरून कुरकुर होते. चकण्याचे पैसे तुम्ही द्या, विषय मिटला.

मुलींसाठी एवढंच की ऑफिसच्या ग्रुपमध्ये "बसूया" आलं तर ‘कुठे, कोण कोण, किती वाजेपर्यंत’ हे तीन प्रश्न बिनधास्त विचारायचे. विचारल्याबद्दल कुणी हसलं तर त्या टेबलावर नाही गेलात तरी काही बिघडत नाही.

पायरी ७: जे तोंडातून काढायचं नाही

आधी एक व्याकरणाची खूण, जी कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. वाक्यात ‘माझी’, ‘त्याची’ असं येतं पण पुढे नाम नसतं, तेव्हा ते गाळलेलं नाम बहुधा शरीराचा असा भाग असतो जो आईसमोर उच्चारता येत नाही. "माझी वाट लागली" यात वाट आहे, हे बॉससमोरही चालतं. "माझी लागली", "माझी फाटली", "साहेबांनी माझी घेतली" यांत नाम गायब आहे. ऐकून ऐकून ही वाक्यं साधी वाटायला लागतात आणि मग मुलाखतीत बाहेर पडतात. "माझी खेचतोस" याला सूट आहे, कारण तिथे गाळलेली आहे ती टांग. तुच्छतेने म्हटलेला ‘घंटा’ही याच घरचा, देवळातल्या घंटेशी त्याचा संबंध नाही.

दुसरे शब्द जातीचे. ‘छपरी’ आज कपड्यांवरून, केसांवरून, बाइकवरून कुणालाही चिकटवतात. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘छप्परबंद’ आहे, आणि या शिवीचा संबंध त्या समाजाशी जोडला जातो. ‘भामटा’ तर सरळ त्याच यादीतलं नाव आहे, आणि आपण ते पाकीटमारापासून मंत्र्यापर्यंत कुणालाही लावतो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शेजारच्या टेबलावर बसलेल्याचं आडनाव आणि समाज तुम्हाला माहीत नसतो. लबाड म्हणायचं असेल तर ‘चालू’ आहे, ‘डँबिस’ आहे, ‘झोलर’ आहे, शब्दांची टंचाई नाही.

‘भैया’ हा मुळात भाऊच, पण मुंबईत उत्तर भारतीय माणसाला तो ज्या सुरात म्हणतात त्यात भाऊपणा नसतो. भेळवाल्याला ‘भाऊ’ म्हणा, त्याला मराठी कळतं, तुमच्याआधीपासून तो इथे आहे.

तिसरे शब्द बायकांविषयीचे: आयटम, माल, सामान. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईतल्या पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) विशेष न्यायालयाने एका तरुणाला दीड वर्षाची शिक्षा दिली. त्याने रस्त्यात एका अल्पवयीन मुलीचे केस ओढले होते आणि तिला ‘आयटम’ म्हटलं होतं. हा शब्द मुलीला लैंगिक वस्तू ठरवतो, असं न्यायालयाने नोंदवलं. एखाद्या विचित्र मित्राला "काय आयटम आहे रे हा" म्हणणं अजूनही सर्रास चालतं. मुलीबद्दल म्हणू नका, ती ऐकत नसली तरी.

पायरी ८: खोलीतले बाकीचे

मुंबईत तुमच्यासोबत राहणारा मुंबईचा असेलच असं नाही, उलट नसण्याचीच शक्यता जास्त. कोल्हापूरच्या माणसाने "नाद खुळा" किंवा "विषय हार्ड" म्हटलं तर ती मोठी शाबासकी आहे. तो जिवलग मित्राला फोनवर ज्या शब्दांत हाक मारेल ते ऐकून भांडण सोडवायला धावू नका. नागपूरकराचा "काऊन बे?" हा प्रेमाचा प्रश्न आहे, पण मुंबईकराला ‘बे’ उद्धट वाटतो आणि पहिल्या आठवड्यात यावरून हमखास खटका उडतो. ‘पोट्टे’ म्हणजे पोरं, ‘भैताड’ म्हणजे बावळट. जळगावचा ‘भो’ म्हणजे भाऊ. मालवणी मित्र ‘मेल्या’ म्हणाला तर तुम्ही त्याच्या घरचे झालात.

गावाकडची तुमची बोली इथे येऊन लपवू नका. ‘लई’चं ‘लय’ आपोआप होईल, घाईने केलंत तर कानाला खोटं लागतं.

पायरी ९: आता बोलून बघा

सुरुवात वांधा, लोचा, कटिंग, कडकी आणि कल्टी यांनी करा. हे पाच शब्द कुणालाही बोचत नाहीत आणि कुठेही खपतात. बरोबरीच्या माणसाशीच बोला. साहेबाने स्वतः ‘लोचा’ म्हटल्याशिवाय त्याच्याशी म्हणू नका, आणि त्याने म्हटलं तरी ईमेलमध्ये ‘अडचण’च लिहा. बँक, पोलीस ठाणे, घरमालक आणि होणारे सासरे या चार ठिकाणी शाळेतली मराठी वापरायची.

शब्द कळला नाही तर लगेच "म्हणजे?" विचारा. मुंबईकराला अर्थ समजावून सांगायला फार आवडतं, तो तीन उदाहरणं देईल आणि त्यातलं एक तुमच्यावरच असेल. पण जो शब्द विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघून हसले आणि कुणीच अर्थ सांगितला नाही, तो त्या दिवशी घरच्या ग्रुपवर टाकू नका.